हौद्याशेजारचा फुटबॉल

‘आज पाटाकडील-खंडोबा आहे’ एवढं म्हटलं की कोल्हापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. शहराला खेटून असलेल्या उचगावापासून पार फुलेवाडीपर्यंत त्या दिवशी विषय एकच असतो : शाहू स्टेडियमवरची मॅच. बाहेरचा माणूस मात्र संघांची नावं वाचून गोंधळतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमी फुटबॉल कशाला खेळतात?

उत्तर पेठांमध्ये आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं भव्य प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मैदान गाजवायचं तर मल्ल हवेत, आणि मल्ल घडतात तालमीत. राजाश्रय मिळाल्यावर पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं.

अशा तालमीत शिरलं की समोर हनुमानाची तसबीर किंवा मूर्ती आणि मधोमध लाल मातीचा हौदा दिसतो. ही माती नुसती आणून ओतलेली नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. ती फावड्यानं उकरून भुसभुशीत करायची, हाच नव्या पोराचा पहिला व्यायाम. अंगाला लागलेली माती घामानं भिजेपर्यंत वस्ताद सुट्टी देत नाहीत.

पण तालीम म्हणजे फक्त कुस्ती नव्हे. पेठेचा गणपती इथलाच. मोहरमचे पंजेही अनेक तालमींत बसतात. बाबूजमाल तालमीत तर दोन्ही सण एकत्र आले की गणपती आणि पंजा शेजारी-शेजारी असतात. वर्गणी, मिरवणूक, भांडण, समेट, सगळं तिथंच. साहजिकच फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळं घर शोधावं लागलं नाही. पोरं तयार होती, पाठीशी पेठ होती आणि शेजारच्या तालमीशी ईर्षा तर जुनीच होती. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि या ईर्षेला स्पर्धेची चौकट मिळाली.

जगात इतरत्रही खेळ असेच इमारतींच्या आधारानं रुजले. बास्केटबॉलचा जन्मच व्यायामशाळेतला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी थंडीत कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी पीचच्या फळांच्या दोन टोपल्या वर टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. आज तिथली हायस्कुलं आपल्या जुन्या जिममध्ये विजयाचे फलक लावून माजी खेळाडूंना मान देतात. मुंबईत हाच खेळ नागपाड्यानं आपलासा केला. त्या मोहल्ल्यातले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

कोल्हापुरात असा मान देण्याची रीत वेगळी. इथं तालमीचं नावच दरवर्षी नव्या पोरांच्या पाठीवर चढतं. हिवाळ्यात लीग सुरू होते, मग चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत रंगतात. गॅलरीत पेठांच्या जागा ठरलेल्या. पंचांच्या शिट्टीवर हजारो जाणकार एकदम बोलतात, आणि मोठ्या सामन्याला पोलिसांचा बंदोबस्तही लागतो. परगावचे, कधी आफ्रिकेतलेही खेळाडू तालमींकडून खेळलेत. विश्वचषकाच्या काळात तर मेस्सी-नेमारचे कटआउट चौकाचौकांत उभे राहतात.

कुस्तीही संपलेली नाही. २०२२ मध्ये पृथ्वीराज पाटीलनं महाराष्ट्र केसरीची गदा २१ वर्षांनी कोल्हापूरला आणली. पुढच्याच वर्षी गंगावेश तालमीत सराव केलेला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. फुटबॉलमध्ये कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाची जर्सी घातली. पण तिथपर्यंतची त्याची वाट पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली. पेठेत प्रेक्षक आहेत, नाव आहे, ईर्षा आहे. लहान पोरांना वर्षभर शिकवणारा प्रशिक्षक आणि सरावाला मोकळं मैदान मात्र प्रत्येक तालमीकडे नाही. सीझन संपल्यावर चषकाच्या बक्षिसाची रक्कम कुठं वापरायची, यावर तालमीच्या बैठकीत हाच मुद्दा आधी घ्यायला हवा.