शर्टाची ओली कॉलर

बालवाडीतून परतलेल्या चार वर्षांच्या मुलाची कॉलर लाळेने चिंब. बाही कुरतडलेली, पेन्सिलीचे टोक फुटलेले, अम्मीच्या ओढणीला भोके. वागळे इस्टेटमधल्या हाजुरी, किसननगरच्या लहान घरांत ही तक्रार अनेक भगिनींच्या तोंडी असते. दादी म्हणतात, नजर लागली. शेजारीण म्हणते, जंत झाले. कामावरून थकून आलेले अब्बा एक चापट देतात. मूल घटकाभर थांबते आणि कॉलर पुन्हा तोंडात जाते.

पहिली दोन वर्षे बाळ तोंडानेच जग ओळखते, दातही येत असतात. त्यात काळजीचे काही नाही. पुढेही काही मुले कंटाळा, भीती, गोंगाट किंवा नव्या भावंडाचे येणे सोसण्यासाठी चावत राहतात. चावल्याने त्यांना धीर येतो. म्हणून मारल्याने सवय सुटत नाही, उलट भीती वाढते आणि चावणेही वाढते. कॉलरला मिरची लावणे तर क्रूरपणाच.

मूल नुसते चावते की गिळते, हे मात्र नीट पाहा. माती, खडू, कागद, दोरा, भिंतीचे पोपडे महिनाभर खात असेल तर रक्ताची तपासणी करून घ्या. लोहाच्या कमतरतेत अशी ओढ पुष्कळदा दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आपल्या घरांत मुलाला सकाळी चहा-पाव किंवा चहा-खारी देण्याची सवय आहे. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी अंडे, खिमा, डाळ, लिंबू पिळलेली पालेभाजी द्या. अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात लोहाचे औषध मिळते, पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

दुसरा धोका शिशाचा. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या खिडक्या-दारांच्या रंगात ते असू शकते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची जुनी वसाहत. बॅटरी, सोल्डरिंग किंवा रंगाचे काम करणाऱ्यांच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरी येऊ शकते. अब्बांनी हातपाय धुऊन, कपडे बदलूनच मुलाला उचलावे. सुरमाही सांभाळा. पारंपरिक दगडी सुरम्यात बहुधा शिसेच असते. डोळे चोळून बोटे चोखणाऱ्या बाळाला तो घालू नये. शिशाचा परिणाम मुलाच्या बुद्धीवर होतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही.

गळ्यातल्या तावीजचा दोरा मूल चघळत असेल तर तो काढून ठेवा. गळ्याला फास बसू शकतो. खेळण्यातली गोल चपटी बॅटरी गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नका. दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा.

मग रोज काय करावे? आठवडाभर टिपून ठेवा, मूल केव्हा चावते? टीव्हीसमोर, झोपेच्या वेळी की शाळेला निघताना? त्या वेळेआधी कडक भाजलेली चपाती किंवा टोस्ट द्या, घट्ट लस्सी स्ट्रॉने प्यायला द्या, साबणाचे फुगे फुंकायला लावा. कॉलर तोंडात दिसली की ओरडू नका, हातात दुसरे काही द्या. न चावलेल्या अर्ध्या तासाचे कौतुक करा. शिक्षिकेलाही विश्वासात घ्या, म्हणजे वर्गात हसू होणार नाही.

मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोलणे मागे असेल, तर वाट पाहू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडी सेविकेला विचारा.

दुआ जरूर करा, त्यासोबत तपासणीही करा. औलाद ही अल्लाहची अमानत आहे. ओल्या कॉलरबद्दल लाज वाटून ती लपवू नका. मूल त्यातून काही सांगते आहे.