चुकीचा जाब कोणी विचारायचा?

मी आठवीत असताना आमच्या शिधापत्रिकेवर वडिलांच्या आडनावातले एक अक्षर चुकलेले मला दिसले. घरात वाचता येणारा मी एकटाच. तालुक्याला दोन खेपा झाल्या, वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली; पण अक्षर दुरुस्त झाले. कारण कागद आमच्या हातात होता. तो हातात नसता तर?

राज्यशास्त्राच्या तासाला नागरिकांच्या हक्कांचा विषय निघाला, तेव्हा हाच प्रश्न मला गुप्तचर खात्यांविषयी पडला. घातपात टाळण्यासाठी सरकारला लोकांचे दूरध्वनी ऐकण्याचे, त्यांचे संदेश पाहण्याचे अधिकार असतात. ते असावेतही. परंतु तेथेही माणसेच काम करतात. एक आकडा चुकला की भलत्याच घरावर पाळत बसते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो कळतच नाही; मग तो तक्रार कशी करणार? आणि खात्यानेच आपली चूक तपासावी, हे विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासण्यासारखे झाले.

ब्रिटनने यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. तेथील २०१६ च्या कायद्याने एक स्वतंत्र आयुक्त नेमला. उच्च न्यायपद भूषविलेल्या व्यक्तीलाच हे पद मिळते. २०१७ साली न्यायमूर्ती एड्रियन फुलफर्ड हे पहिले आयुक्त झाले. दूरध्वनी ऐकण्याच्या हुकमावर मंत्र्यांची सही झाली तरी न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते. तातडीच्या वेळी ती मागाहून घेता येते. यास तेथे ‘दुहेरी कुलूप’ म्हणतात.

चूक झाल्यास ती आयुक्तांना कळवावी लागते. त्यांचे निरीक्षकही दप्तर तपासतात. इंटरनेट जोडणीचा क्रमांक वा वेळ चुकीची नोंदल्यामुळे पोलीस निरपराध माणसांच्या दारात गेल्याची उदाहरणे तेथील अहवालांत छापली गेली आहेत. चूक गंभीर असेल व सांगणे लोकहिताचे असेल, तर आयुक्तांनी त्या माणसाला ती कळवावी आणि न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्कही सांगावा, असे कायदा म्हणतो. मात्र ‘गंभीर’ म्हणजे मोठी हानी झालेली. केवळ हक्कभंग पुरेसा नाही. ही पळवाट मला खटकते.

शिवाय आयुक्तांपासूनच गोष्ट लपली तर? ‘एमआय फाइव्ह’ या खात्याने लोकांची माहिती नियमाप्रमाणे सांभाळली नव्हती. खात्यातल्या वरिष्ठांना हे ठाऊक असूनही आयुक्तांच्या कानावर ते २०१९ मध्ये गेले. २०१४ ते २०१९ या काळातील हे वर्तन बेकायदा होते, असा निकाल न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. निकालास उशीर झाला खरा, पण बाहेरचा तपासनीस नसता तर तोही लागला नसता.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याखाली दूरध्वनी ऐकले जात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंधने घातली व पुनर्विलोकन समिती नेमावयास सांगितले. २०२४ च्या नवीन नियमांतही ती समिती सरकारी सचिवांचीच आहे. तीत न्यायाधीश नाही आणि ज्याच्यावर चुकून पाळत ठेवली त्याला कळविण्याची तरतूदही नाही.

आमच्या घरातले चुकलेले अक्षर मी वाचले म्हणून ते सुधारले. जो कागद नागरिकाला कधीच दिसणार नाही, तो त्याच्या वतीने वाचणारा कोणीतरी हवा; आणि तो सरकारी सचिवांपैकी नसावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

— द्वितीय वर्ष, कला