बाजारपेठेचा खर्च आणि करदात्यांचा सवाल

शहराचा मध्यभाग सुधारावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो पैशाचा. अहिल्यानगरची १८५४ सालची नगरपालिका २००३ साली महापालिका झाली. नाव मोठे झाले, पण पुढे जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि २०१७ पासून सरकारी भरपाईकडे डोळे लावून बसणे नशिबी आले. स्वतःच्या हाती मुख्यतः उरली ती घरपट्टी आणि मालकीची जमीन.

घरपट्टी वाढविली की लोक चिडतात. म्हणून जमीन विकासकाच्या हवाली करून बाजार बांधून घेण्याची वाट सोपी वाटते. ती वाट फुकटची नव्हे. चितळे रोडवरील नेहरू मार्केट पाडले गेले. त्यानंतर जागा वर्षानुवर्षे ओस पडली आणि भाजीवाले रस्त्यावर आले. असा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही. तो गरीब विक्रेता व वाटसरू भरतो.

१९४९ च्या महापालिका कायद्याचे कलम ७९ पालिकेची मिळकत बाजारभावाहून कमी मोबदल्यात देऊ देत नाही. तेव्हा मोबदला किती, गाळे कोणास, मुदत काय आणि जुन्या विक्रेत्यांची तोवर सोय कोठे, हे करारावर सही होण्यापूर्वी कापड बाजारापासून माळीवाड्यापर्यंत प्रत्येकास वाचावयास मिळाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्यापारी बंधूंनाही आमचे एक सांगणे आहे: थकबाकी ठेवून हिशेब मागू नये. पट्टी वेळेवर भरावी, आणि मग पैन्‌पैचा जाब निर्भयपणे विचारावा.