मीटरवरचा आकडा आणि प्रत्यक्ष परिणाम



परीक्षेच्या दिवसांत पेडणे तालुक्यातील किनाऱ्याकडच्या एका गावातून काही पालक आम्हाला भेटायला आले होते. रात्री दुरून संगीताचे ठोके घरात येतात, तावदाने थरथरतात, मुलांना झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीनंतर मोजणीही झाली होती, पण आकडा मर्यादेच्या आत निघाला. त्यामुळे मोजणाऱ्याने आपल्याला फसवले असे त्यांचे मत झाले होते. आम्ही सगळा विचार केल्यावर आमचे मत जरा वेगळे झाले. मोजणी खरी असू शकते आणि तक्रारही खरी असू शकते. हे कसे, ते सांगण्यासाठी हा लेख.

एखादी गोष्ट किती जोरात आहे हे यंत्र सांगते. पण ती डोळ्यावर, कानावर, भिंतीवर किंवा शेतावर किती परिणाम करते हा निराळा प्रश्न आहे. तो परिणाम आकड्यात मांडायचा तर त्याला प्रभावी तीव्रता म्हणतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथेही हाच शब्द होता. 'प्रभावी भाषण' म्हणतो त्या अर्थाने तो घेऊ नये. येथे प्रभावी म्हणजे प्रत्यक्ष कामी येणारी.

उजेडापासून सुरुवात करू. आग्वादच्या किल्ल्यातील १८६४ सालचा जुना दीपस्तंभ तुम्ही सहलीत पाहिला आहे. तो १९७६ पर्यंत चालला, पुढे त्याचे काम जवळच्या नव्या दीपस्तंभाने घेतले. भिंगे फिरवणाऱ्या दीपस्तंभात दिवा विझत नाही. भिंगे दिव्याभोवती फिरतात आणि त्यांतून निघालेला झोत खलाशाच्या डोळ्यावरून क्षणभर जातो. आता हा क्षणभराचा उजेड स्थिर दिव्याच्या मानाने किती धरायचा? १९११ साली फ्रान्समध्ये ब्लाँडेल आणि रे या दोघांनी दूरवरून जेमतेम दिसणाऱ्या दिव्यांवर प्रयोग करून याचा नियम काढला. झोत किती सेकंद दिसतो ती संख्या घ्यावी, तिला तीच संख्या अधिक ०.२ या बेरजेने भागावे आणि उत्तराने दिव्याच्या तीव्रतेला गुणावे. समजा, दिवा १२,००० कँडेलाचा आहे. झोत ०.१ सेकंद दिसला तर खलाशाच्या दृष्टीने तो ४,००० कँडेलाचाच. ०.२ सेकंद दिसला तर ६,०००, आणि पूर्ण एक सेकंद दिसला तर १०,०००. दिवा तोच, तेलही तेवढेच, पण डोळ्याला उजेड 'जमवायला' वेळ लागतो. नववी-दहावीच्या मुलांनी ही गणिते स्वतः करून पाहावीत.

हा नियम जुन्या दीपस्तंभांबरोबर संपला नाही. आपल्या तालुक्यातील मोपा विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. विमानतळाभोवतालच्या उंच मनोऱ्यांवर जे लुकलुकणारे दिवे लावतात, त्यांची आंतरराष्ट्रीय मानके प्रभावी तीव्रतेतच दिलेली असतात. सर्वांत प्रखर प्रकारच्या पांढऱ्या दिव्याला दिवसा २,००,००० कँडेला, संधिप्रकाशात २०,००० आणि रात्री २,००० एवढी तीव्रता पुरते. भर उन्हात लक्ष वेधायला रात्रीच्या शंभरपट उजेड लागतो. परिणाम दिव्याइतकाच सभोवतालावरही ठरतो, हे येथे दिसते.

आता आवाजाकडे येऊ, कारण पालकांचा प्रश्न तोच आहे. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, इस्पितळे व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. पण हे डेसिबल साधे नव्हेत. नियमातच म्हटले आहे की ही कालावधीची सरासरी आहे आणि ती 'ए' मापावर घ्यायची आहे. या दोन अटींतच सगळे आहे.

आधी सरासरी. समजा, रात्री एरवी ३८ डेसिबल शांतता आहे आणि दर दहा मिनिटांनी पाच सेकंद ६० डेसिबलचा दणका बसतो. ऊर्जेची सरासरी काढली तर ती सुमारे ४२ येते. म्हणजे मर्यादेच्या आत. पण झोप सरासरीने मोडत नाही, दणक्याने मोडते. दिवसभर गोंगाटात काम करणाऱ्याच्या कानाला किती इजा होईल हे पाहायला ही सरासरी चांगली आहे. झोपलेल्या मुलासाठी ती अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता 'ए' माप. आपला कान सगळे सूर सारख्याच जोराने ऐकत नाही, खर्जाचे सूर त्याला कमी ऐकू येतात. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख प्रसिद्ध केले. त्या अभ्यासाच्या आधारे हळू आवाजांसाठी जे माप ठरले ते 'ए'. ते खर्जाचे डेसिबल वजा करते. ६३ हर्ट्झच्या ठोक्याचे सुमारे २६ डेसिबल वजा होतात, म्हणजे ७० डेसिबलचा ठोका मीटरवर ४४ दिसतो आणि रात्रीच्या मर्यादेत बसतो! त्यातून दूरच्या संगीतातील उंच सूर वाटेत आणि भिंतीत अडतात, खर्ज मात्र आरपार येतो. घरात शब्द ऐकू येत नाहीत, चाल ओळखू येत नाही, नुसता ठोका छातीत जाणवतो, तो यामुळे. चांगल्या मीटरवर 'सी' नावाचे दुसरे मापही असते. ते खर्जाचे फारसे काही वजा करत नाही. एकाच जागी दोन्ही मापे घेऊन त्यांत १५-२० डेसिबलचे अंतर निघाले, तर आवाजात खर्ज भरपूर आहे असे समजावे.

डिचोलीकडच्या मुलांना हाच प्रश्न सुरुंगाच्या रूपाने माहीत आहे. दगडाच्या खाणीतील स्फोटाने जमीन हादरते, तेव्हा तो हादरा दर सेकंदाला किती मिलिमीटर या वेगात मोजतात. खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे खाणमालकाची नसलेली साधी घरे असतील तर, कंपन ८ हर्ट्झपेक्षा संथ असल्यास मर्यादा ५ मिलिमीटर आणि २५ हर्ट्झपेक्षा जलद असल्यास १५ मिलिमीटर आहे. संथ कंपन घराच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळते आणि भिंतीला जास्त बाधते. येथे कंपनांचा विचार झाला आहे, आवाजाच्या नियमात खर्जाचा तसा झालेला नाही.

भूकंपाबाबत तर आपली वर्तमानपत्रे शब्दाचाच घोटाळा करतात. रिश्टर मापावर इतकी तीव्रता, असे ती छापतात. तो आकडा भूकंपाच्या परिमाणाचा असतो आणि एका भूकंपाला एकच असतो. तीव्रता गावागणिक बदलते आणि ती १ ते १२ अशा पायऱ्यांत सांगतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप गोव्यातही जाणवला होता. परिमाण तेच, पण कोयनानगरात घरे कोसळली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते, म्हणजे कोयनेपेक्षा मोठे नव्हते. तरी तेथे हजारो माणसे दगावली. जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचे जड धाबे आणि सगळे झोपेत.

पावसाचेही तसेच. आपण अभिमानाने इंच मोजतो, पण शेतकी शास्त्रात पिकाच्या मुळांना मिळाला तेवढाच पाऊस प्रभावी धरतात. डोंगरउतारावर एका दिवसात पडलेला पाऊस बराचसा ओहोळाला जातो.

पालकांना आम्ही एवढेच सुचवले की पुढील तक्रारीत नुसते 'फार आवाज' असे लिहू नये. तारीख, वेळ, किती मिनिटांनी ठोका येतो, दारे-खिडक्या बंद होत्या की उघड्या, हे लिहावे आणि मोजणी 'ए'बरोबर 'सी' मापावरही, शक्य तर घराच्या आत, करावी अशी विनंती करावी. मोबाईलवरच्या मापकावर मात्र विसंबू नये, त्याचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी असतो आणि खर्ज नीट मोजत नाही. नोंदीसाठी रकाने आखलेली एक वही विज्ञान प्रयोगशाळेत ठेवली आहे. ज्यांना हवे त्यांनी ते रकाने उतरून न्यावेत.