रॅम वाढवली आणि संगणक बंद पडू लागला

संगणक हळू चालू लागला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. पहिला 'फॉरमॅट मारा' आणि दुसरा 'रॅम वाढवा'. यातला दुसरा सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला आणि अनेकांनी हातातल्याच यंत्रावर विंडोज ११ घेतले. त्याला किमान ४ जीबी रॅम लागते. प्रत्यक्षात सुखाने काम करायचे तर ८ जीबी तरी हवी. म्हणून लोक रॅमची पट्टी आणतात, बसवतात आणि काही दिवसांनी सांगतात, "आधी नुसता हळू होता, आता मधेच बंद पडतो."

मी येडशीत संगणक दुरुस्तीचे काम करतो. गाव लहान असले तरी इथली ऑनलाइन केंद्रे, शाळा, दुकाने, पतसंस्था सगळ्यांचे काम डेस्कटॉपवर चालते. पीकविम्याची मुदत संपत आली असताना केंद्रातला संगणक दर वीस मिनिटांनी निळा पडदा दाखवू लागला, तर रांगेतल्या शेतकऱ्याचा अख्खा दिवस बुडतो. त्याहून मोठा धोका दिसत नाही. बिघडलेली रॅम संगणक बंद पाडण्याआधी गुपचूप फायली खराब करत असते.

हे कसे होते ते समजायला रॅमची रचना थोडी पाहू. आज आपण वापरतो त्या रॅमची मूळ कल्पना आयबीएम कंपनीतले शास्त्रज्ञ रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म कप्पा असतो. कप्प्यात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा कप्पा गळक्या घागरीसारखा असतो. त्यातला भार सतत झिरपतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,८७० कोटी कप्पे असतात. त्यातला एखादा जरी चुकला, तरी रकमेतला आकडा किंवा विंडोजची एखादी आज्ञा बदलू शकते.

अशा चुका फार दुर्मीळही नाहीत. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक नोंदली गेली. सर्व्हरमधली रॅम स्वतःची चूक ओळखते आणि बऱ्याचदा सुधारतेही. आपल्या घरच्या किंवा दुकानातल्या डेस्कटॉपमध्ये सहसा तशी सोय नसते. तिथे चूक झाल्याचे कोणी सांगत नाही, परिणाम तेवढा दिसतो.

आता नवी पट्टी बसवल्यावर बिघाड का होतो? पहिले कारण अगदी साधे आहे. पट्टी खाचेत पूर्ण बसलेली नसते किंवा स्लॉटमध्ये धूळ असते. दुसरे कारण म्हणजे पट्टीची जात. आपल्या भागातून पूर्वी अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे धावायची. ब्रॉडगेजचा डबा त्या रुळांवर चढत नसे, कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा भरावा लागे. तसेच डीडीआर-३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर-४ बसत नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवू गेल्यास मदरबोर्ड जातो.

तिसरे कारण जरा फसवे आहे. जात एकच, पण जुनी आणि नवी पट्टी वेगवेगळ्या चालीच्या असतात. औताला एक चपळ आणि एक संथ बैल जुंपला तर चपळ्याला संथाच्या चालीने चालावे लागते. रॅमचेही तसेच. बहुतेक वेळा जोडी हळू का होईना, पण चालते. काही वेळा मात्र दोन्ही पट्ट्या एकेकट्या उत्तम असूनही एकत्र टिकत नाहीत. चौथे कारण बायोसमध्ये असते. वेगवान पट्टीच्या वेष्टणावर लिहिलेला वेग मिळवण्यासाठी 'एक्सएमपी' नावाची सोय चालू करतात. हा वेग ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असू शकतो आणि प्रत्येक मदरबोर्डाला तो झेपतोच असे नाही.

दोष शोधताना माझा पहिला नियम असा, की संशय आला की आधी नवी पट्टी काढायची आणि मगच बाकीचे करायचे. बॅकअपसुद्धा नवी पट्टी काढल्यावरच घ्यावा, कारण कॉपी होणारी प्रत्येक फाईल रॅममधून जाते. खराब रॅममधून घेतलेला बॅकअपही खराब निघू शकतो. फॉरमॅटचेही तेच. दोष रॅममध्ये असताना विंडोज पुन्हा टाकले, तर नव्या फायलीही बिघडतात. आठवड्याभरात संगणक पुन्हा बंद पडतो, आणि दरम्यान जुना डेटा गेलेला असतो.

काम सुरू करताना संगणक बंद करून वायर बोर्डातून काढावी. नुसता शटडाऊन केल्यावरही मदरबोर्डावर थोडी वीज असते. वायर काढल्यावर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावावा. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. ती आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला पुरेशी असते. पट्टी कडेने धरावी, सोनेरी टोकांना बोट लावू नये. टोके मळलेली असतील तर खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवून कण झटकावेत. पट्टी बसवताना क्लिप 'टक' असा आवाज करून बसली पाहिजे.

नंतर बायोसमध्ये जाऊन सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणावी. तेवढ्यानेच संगणक सुरळीत झाला, तर दोष वाढवलेल्या वेगात होता. तरीही बंद पडत असेल तर एकेक पट्टी तपासावी. नुसती जुनी पट्टी लावून दिवसभर काम करावे. मग त्याच स्लॉटमध्ये नुसती नवी लावावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मोडले तर काहीच कळत नाही. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. कोणतीही पट्टी एका ठरावीक स्लॉटमध्ये लावली की बिघडते, तर संशय स्लॉटवर. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र नाही, तर जोडी जमत नाही. नवी पट्टी काढूनही संगणक बंद पडतच असेल, तर एसएमपीएस, उष्णता किंवा हार्डडिस्क पाहावी.

विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणी आहे. स्टार्ट मेनूत तेवढे नाव शोधले की मिळते. त्याहून कसून तपासायचे तर 'मेमटेस्ट८६' हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवावा. त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवलेला बरा. लाल अक्षरांत एक जरी चूक दिसली तरी ती चूकच. 'एवढी चालते' असे रॅममध्ये नसते. निळ्या पडद्यावरचा मजकूरही टिपून ठेवावा. दर वेळी वेगळा संदेश येत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. दर वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर पाहावा.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि जगभर रॅमच्या किमती चढल्या. त्यामुळे जुनी पट्टी घ्यायचा मोह होतो. घ्यायला हरकत नाही, पण परत घेण्याची बोली आधी करावी आणि आणल्या रात्रीच ती तपासावी. नवी घेतली तर बिल जपावे, पट्टीवरचे स्टिकर फाडू नये, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. खरेदीला जाताना आपल्या जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जावा. दुकानदाराला 'आठ जीबी द्या' एवढेच सांगू नये. तो फोटो दाखवून तिच्या जोडीची पट्टी मागावी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)