उन्हाळ्याची सुट्टी

लाकोटा आणि डकोटा मुलांची संस्कृती-शिबिरे उन्हाळ्यात भरतात. शाळेला सुट्टी असते म्हणून, असे मीही धरून चालले होते.

१८७९ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे निवासी शाळा निघाली. पहिली मुले दूरच्या रोझबड आणि पाइन रिज या लाकोटा वस्त्यांतून नेली होती. केस कापले, नावे बदलली, मातृभाषेला बंदी केली. हे पुष्कळांना ठाऊक असते. मला अस्वस्थ केले ते सुट्टीने. कितीतरी मुलांना उन्हाळ्यातही घरी न पाठवता गोऱ्या कुटुंबांकडे, बहुधा शेतांवर, कामाला ठेवत. संस्थापक प्रॅट या प्रथेला ‘आउटिंग’ म्हणत! पूर्वी याच ऋतूत विखुरलेले गट सूर्यनृत्यासाठी एकत्र जमत.

म्हणून शिबिरातल्या तिपी उभारण्यापेक्षा मला तिथले नात्यांचे शब्द मोलाचे वाटतात. लाकोटा मुलगा थोरल्या भावाला ‘छिये’ म्हणतो, मुलगी ‘थिब्लो’. चुलताही ‘अते’, म्हणजे वडीलच; मावशी ‘इना’, आई. शब्द पुस्तकातून पाठ होतात. हाक मारायला मात्र माणसे जवळ लागतात, आणि कार्लाइलच्या मुलांपासून तीच तोडली होती. डकोटा मुलगी ‘ल’च्या जागी ‘ड’ म्हणते: तिचा थोरला भाऊ ‘थिब्डो’.