गळाला काय लावावे?



मृगाचा पाऊस सुरू झाला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ओढ्यांच्या काठी मुले दिसू लागतात. हातात कळकाची काठी, काठीच्या टोकाला दोन वाव तंगूस, तंगुसाला नखाएवढा गळ आणि करवंटीतल्या ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे. एवढेच साहित्य! तरीही एकाच डोहावर बसलेल्या दोघांपैकी एकाला चार मासे मिळतात आणि दुसरा हात हलवीत घरी जातो. लोक म्हणतात, ‘पहिल्याच्या हाताला यश आहे.’ पण हे यश हातात नसून निरीक्षणात असते. माशाला भूक लागली आहे, एवढे ठाऊक असून भागत नाही. त्या पाण्यात तो मासा आपले अन्न ओळखतो कसे, हे ठाऊक असावे लागते. साहित्य जितके थोडे, तितके हे ज्ञान जास्त हवे. ते कोणते, ते आज पाहू.

आधी पाणी पाहा

काळू आणि भातसा या नद्या सह्याद्रीतून उतरतात. पावसाळ्यात त्या माती घेऊन येतात आणि पाणी चहासारखे लाल होते. अशा पाण्यात प्रकाश वीतभरही खोल जात नाही. मग तेथे मासा डोळ्यांचा उपयोग काय करणार? तो वासावर आणि चवीवर विसंबतो. माशाला नाकपुड्या असतात, पण त्या श्वासासाठी नव्हेत, केवळ वासासाठी. शिंगटीची तर आणखी मौज आहे. तिच्या लांब मिशांवर रुचिकलिका असतात, म्हणजे आपल्या जिभेवर असतात तशाच चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके. तळाच्या चिखलात मिशा फिरवीत ती जणू चालता चालता चाखत असते! म्हणून गढूळ पाण्यात गांडूळ उत्तम. त्याच्या अंगातील रस पाण्यात पसरतो आणि प्रवाहाबरोबर खाली जाऊन माशाला बोलावून आणतो. गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला का टाकावा, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

दिवाळीनंतर चित्र पालटते. गाळ खाली बसतो, डोह नितळ होतात आणि डोळ्यांचे राज्य सुरू होते. आता हलणारे आमिष हवे. नाकतोडा, लहान झिंगा किंवा पाण्यावर तडफडणारा किडा मरळीला दुरून दिसतो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील सूक्ष्म हालचाल तिच्यातील पेशींना कळते. नाकतोड्याने पाय झाडले की त्याचा ‘निरोप’ माशाला या रेषेवाटे मिळतो.

पण नितळ पाण्यात मासा जसा आमिषाला पाहतो, तसा तुम्हालाही पाहतो. पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतात, हे तुम्ही अपवर्तनाच्या धड्यात शिकला आहात. त्यामुळे पाण्याबाहेरचे सारे जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंश असतो. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस तिच्यात सहज येतो. बसलेला माणूस खिडकीच्या कडेला चेपून अस्पष्ट होतो. जुने गळकरी उकिडवे का बसतात, त्याचे उत्तर हे आहे.

आणि बोलणे? हवेतील आवाजाची बहुतेक सर्व ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते, जेमतेम हजारावा भाग आत शिरतो. म्हणून हळू गप्पा मारल्याने फारसे बिघडत नाही. धपधप चालणे मात्र जमिनीतून थेट पाण्यात पोचते. मासे बहिरे नसतात, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९२३ साली दाखवून दिले. त्याने एका आंधळ्या शिंगटीवर्गीय माशाला शिटी वाजली की अन्न मिळते हे शिकविले, आणि पुढे तो मासा नुसत्या शिटीवर बाहेर येऊ लागला! मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारा आणि १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारा शास्त्रज्ञ तो हाच.

मग मासा पाहा

माशाचे तोंड पाहिले की त्याचे ताट कळते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, कारण तो वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यापुढे तळाशी गांडूळ ठेवणे म्हणजे बगळ्याला बशीत खीर वाढणे. मृगळ मासा तळाचे खातो, त्याचे तोंड खाली असते. चिलापीला काहीही चालते: कणकेची गोळी, गांडूळ, शेवाळ. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. तो १९५२ साली भारतात आणला गेला आणि कोठेही रुजण्याच्या गुणामुळे देशभर पसरला.

मरळ ही खरी शिकारी. ती पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरते आणि जवळून जाणारा बेडूक, मासोळी किंवा झिंगा झडप घालून गिळते. तिला कल्ल्यांवाटे मिळणारा प्राणवायू पुरत नाही. म्हणून अधूनमधून वर येऊन ती हवेचा घोट घेते. थोडा वेळ गप्प बसून पाण्यावर नजर ठेवा, ती कोठे आहे हे तीच तुम्हाला सांगेल.

हलका गळ का?

पुष्कळांना वाटते की जाड दोरा, मोठा गळ आणि जड शिसे लावले की मासा पक्का सापडतो. प्रत्यक्षात उलटेच घडते. मासा आपल्यासारखा घास तोडून घेत नाही. तो तोंड एकदम उघडतो, आतला दाब कमी होतो आणि पाणी आत धावते. त्या पाण्याबरोबर अन्नही आत जाते. हलकी वस्तू पाण्याबरोबर सहज जाते, जड वस्तू मागे राहते.

हे घरी करून पाहा. बादलीत पाणी घ्या. एका दोऱ्याला गवताची ओली काडी बांधा, दुसऱ्याला तेवढीच काडी आणि लोखंडी नट. दोन्ही पाण्यात सोडा. आता प्लास्टिकची मऊ रिकामी बाटली दाबून तिचे तोंड काडीजवळ न्या आणि दाब सोडा. बाटलीच्या तोंडात सहज कोण शिरते? बाटलीच्या जागी माशाचे तोंड आहे असे समजा, म्हणजे बारीक तंगूस, लहान गळ आणि मुगाएवढी शिशाची गोळी यांचे महत्त्व पटेल. जड गळ तोंडात गेला तरी त्याचा ताण माशाला जाणवतो आणि तो आमिष थुंकून टाकतो. मऊ आमिष खऱ्या भक्ष्यासारखे लागते आणि तो ते क्षणभर अधिक धरून ठेवतो. तेवढ्यात आपले बूच बुडते!

पण बारीक तंगूस मोठ्या माशाचे वजन कसे पेलणार? येथे आर्किमिडीज मदतीला येतो. अशा माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे पाण्यात माशाचे वजन जवळजवळ नाहीसे होते. तंगुसाला पेलायची असते ती फक्त त्याची ओढ. काठी लवचीक असेल तर ती स्प्रिंगसारखी वाकते आणि हिसका वाटून घेते. मासा पाण्याबाहेर उचलला की मात्र त्याचे पूर्ण वजन तंगुसावर येते आणि तो तुटतो. म्हणून जाणता गळकरी मासा उचलत नाही, काठाशी ओढून आणतो.

रबरी किडा

अमेरिकेत ‘बास’ नावाचा शिकारी मासा फार लोकप्रिय आहे. राहणीने तो आपल्या मरळीचा भाऊ शोभेल. त्याच्यासाठी निक क्रीम या गृहस्थाने १९४९ साली ओहायो राज्यात मऊ प्लास्टिकचा किडा बनविला. आज जगभर असे शेकडो प्रकारचे किडे विकले जातात. बास पकडणाऱ्यांतील एक पंथ आता बारीक दोरा, एकच छोटा गळ आणि बोटभर मऊ किडा एवढ्यावरच भागवतो. म्हणजे आमच्या पाड्यांवरील मुले आजवर जे करीत आली, तेथेच ते फिरून आले! फरक एवढाच की तुटून पाण्यात पडलेले गांडूळ दोन दिवसांत माती होते. प्लास्टिकचा किडा होत नाही. तो माशाच्या पोटात गेला तर तेथेच अडून बसतो. ओल्या मातीत फुकट मिळणारे आमिष असताना तो विकत कशाला घ्यावा?

कोणता मासा सोडावा?

आता सर्वांत महत्त्वाची निवड. पहिल्या मोठ्या पावसात नदीतील मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत येतात. यांना आपल्याकडे वलगणीचे मासे म्हणतात. ते इतके सहज सापडतात की टोपलीनेही धरता येतात. पण ते कशासाठी आलेले असतात? अंडी घालण्यासाठी. पोट फुगलेली एक मादी त्या दिवशी ताटात आली, तर पुढच्या वर्षीचे हजारो मासे तिच्याबरोबर गेले.

मरळीची गोष्ट याहून नाजूक आहे. ती आपल्या पिल्लांची राखण करते. नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर वळवळताना दिसला की खाली आई-बाप आहेत असे समजावे. पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही ते झडप घालतात, भूक असो वा नसो. त्या थव्यात गळ टाकला तर मोठी मरळ हमखास मिळते. पण उघडी पडलेली पिल्ले शिंगटी, पाणसाप आणि बगळे यांच्या तोंडी जातात. बासचेही असेच आहे. त्याचा नर घरट्याची राखण करतो आणि तो थोडा वेळ दूर झाला तरी इतर मासे अंडी फस्त करतात.

गळाचा मोठा गुण येथे दिसतो. सुरुंगाचा स्फोट किंवा पाण्यात कालविलेले विष डोहातील लहानमोठे सारेच मारते. गळ मात्र एका वेळी एकच मासा आणतो आणि तो ठेवायचा की सोडायचा, हे ठरविण्याची संधी आपल्याला देतो. सोडायचा असेल तर हात ओले करा, म्हणजे माशाच्या अंगावरचा रक्षक चिकटा निघत नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला असला तर गळ चटकन सुटतो.

दोन सूचना विसरू नका. भातसा, तानसा यांसारख्या जलाशयांत परवानगीशिवाय मासे धरू नयेत. तानसा परिसर तर अभयारण्यच आहे. आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालची नदी पाहता पाहता चढते. भोंगा किंवा दवंडी ऐकताच काठ सोडावा, आणि एकट्याने कधीच जाऊ नये.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते की वर्गाने यंदा एक वही ठेवावी. तारीख, पाणी गढूळ की नितळ, आमिष कोणते, मासा कोणता, पोटात अंडी होती की नाही, सोडला की ठेवला, एवढ्याच नोंदी पुरेत. वर्षाअखेर त्या वहीतून तुमच्या ओढ्यात कोणते मासे आहेत आणि ते कधी अंडी घालतात, हे तुम्हाला सांगता येईल. मग गळाला काय लावावे हे तर कळेलच, आणि गळ केव्हा टाकू नये हेही कळेल.